रंग आधी, मेण मागाहून

ओठ रंगवण्याच्या जगभरच्या पद्धती वरवर कितीही निराळ्या दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशी दोनच युक्त्या आहेत. पहिलीत पाण्यात विरघळणारा रंग ओठांच्या त्वचेत मुरवला जातो आणि रेशमावर रंग चढावा तसा तो त्वचेतल्या प्रथिनांना धरून राहतो. दुसरीत न विरघळणारी रंगाची पूड मेणात किंवा तेलात खलून तिचा लेप ओठांवर नुसता बसवला जातो. पहिला रंग टिकतो, पण त्याला तकाकी नसते आणि तो ओठ कोरडे पाडतो. दुसरा तुकतुकीत दिसतो, पण जेवणाच्या पहिल्या चार घासांतच निघून जातो. ओठांची त्वचा मुळात पातळ असते, तीत घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्या जवळजवळ नसतात, लाळेने ती सतत ओलावते आणि तिचे वरचे पापुद्रे हातापायांच्या त्वचेपेक्षा लवकर झडतात. म्हणून दोन्ही युक्त्यांपैकी एकटीने कोणाचेच समाधान होत नाही. टिकाऊ ओठरंगाचा इतिहास हा बव्हंशी या दोहोंचा मेळ घालण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, आणि भारतात हा मेळ फार लवकर साधला होता.

त्याचा सर्वांत स्पष्ट लेखी पुरावा वात्स्यायनाच्या कामसूत्रात, पहिल्या अधिकरणातल्या नागरकाच्या दिनचर्येच्या प्रकरणात, मिळतो. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. नागरक म्हणजे शहरात राहणारा, गाठीला पैसा आणि हाताशी सवड असलेला रसिक पुरुष. त्याने सकाळी दात घासून झाल्यावर बेताची उटी लावावी, धूप घ्यावा, माळ घालावी, सिक्थक आणि अलक्तक लावावे, आरशात तोंड पाहावे, तोंडाला सुवास आणणारा विडा घ्यावा आणि मग कामाला लागावे, असा क्रम तेथे सांगितला आहे. सिक्थक म्हणजे मधाच्या पोळ्याचे मेण आणि अलक्तक म्हणजे लाखेपासून काढलेला लाल रंग, ज्याला मराठीत अळिता म्हणतात. सूत्रात मेणाचे नाव आधी येते. परंतु तेराव्या शतकातल्या यशोधराने जयमंगला या आपल्या टीकेत प्रत्यक्ष कृतीचा क्रम उलगडून दाखवला आहे, आणि तो उलटा आहे. अलक्तकाची किंचित ओली गोळी ओठांवर घासावी, त्यावर विडा खावा, आणि सर्वांत शेवटी मेणाची गोळी ओठांवर दाबावी, असे तो म्हणतो. टीकाकाराचा हा खुलासा पांडित्याचा नसून हाताच्या अनुभवाचा वाटतो, कारण मेण आधी लावले तर पाण्यातला रंग ओठाला शिवणारही नाही. उलट रंग मुरल्यानंतर वर मेणाचा हात फिरवला, तर कोरडेपणा झाकला जातो, तकाकी येते आणि लाळेपासून रंगाचा बचावही होतो. त्याच प्रकरणात नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन आहे. उशाशी असलेल्या ओट्यावर रात्रीची उरलेली उटी, माळा, सुगंधी द्रव्यांची पुडी, महाळुंगाची साल आणि विडे यांच्याबरोबर मेणाचा करंडाही असावा आणि खाली जमिनीवर पिकदाणी असावी, असे सांगून वात्स्यायनाने हे मेण रोजच्या वापरातले असल्याचेच दाखवून दिले आहे. हे सारे प्रसाधन पुरुषाचे आहे, ही गोष्ट पुढच्या काळातल्या वाचकांना खटकली असली तरी वात्स्यायनाला तीत काहीही विशेष वाटलेले नाही.

अलक्तकाचा रंग मिळतो तो लाखेच्या किड्यापासून. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे सूक्ष्म किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतात. लाल रंग मात्र त्या राळेत नसून मुख्यतः माद्यांच्या शरीरात असतो. फांद्यांवरची लाख खरवडून, कुटून पाण्यात धुतली की रंग पाण्यात उतरतो आणि राळ मागे राहते. नुसत्या पाण्याने निघणारा हा रंग गडद आणि पक्का करण्यासाठी काय करावे, याचे उत्तर वैद्यकातल्या लाक्षारसाच्या कृतीत दिसते. लाखेच्या सहापट पाणी घ्यावे, त्यात लोध्राची साल, लोध्राच्या मानाने थोडासा सज्जीखार आणि बोरीची काही पाने टाकावीत, असे ती कृती सांगते. सज्जीखार हा सोड्याचा क्षार असल्यामुळे त्याने रंग अधिक सुटतो, हे समजण्यासारखे आहे. लोध्राचे काम मात्र अधिक बारकाईचे आहे. लोध्राच्या जातीची झाडे जमिनीतले ॲल्युमिनियम आपल्या सालीत आणि पानांत साठवतात, आणि ॲल्युमिनियमचा क्षार हाच तुरटीचाही कर्ता अंश आहे. म्हणजे तुरटीने रंग पक्का होतो तसाच तो लोध्रानेही होतो. रंगाऱ्यांच्या बोलीत अशा द्रव्याला रंगबंधक म्हणता येईल. ज्याने हा घटक शोधला त्याला ॲल्युमिनियमचा पत्ता असण्याचे कारण नव्हते, पण कोणत्या झाडाच्या सालीने लाल रंग धुपत नाही याचा पत्ता त्याला बिनचूक लागला होता. तयार रंगात कापूस भिजवून वाळवला की तो जपून ठेवता येई आणि लागेल तेव्हा ओला करून त्याने ओठ, तळपाय आणि हात रंगवता येत. लाखेचा रंग लोकर आणि रेशीम यांच्यावर उत्तम चढतो आणि सुती कापडावर रंगबंधकाशिवाय नीट बसत नाही. पहिली दोन प्रथिनांची बनलेली असून त्वचाही तशीच असल्यामुळे ओठांनी तो रेशमासारखा स्वीकारावा, यात नवल नाही.

कालिदासाच्या कुमारसंभवात अलक्तक आणि मेण या दोन्ही द्रव्यांची नोंद आहे, आणि ती कथेच्या अशा ठिकाणी आहे की तिच्यावरून अलक्तकाचे सामाजिक स्थानही कळते. पाचव्या सर्गात पार्वती तप आरंभते तेव्हा ओठ रंगवणे सोडते, आणि पुढे बटूच्या रूपात आलेला शिव तिच्या, कित्येक दिवस अलक्तक न लागलेल्या तरीही तांबूस दिसणाऱ्या, ओठांचा उल्लेख करतो; सातव्या सर्गात विवाहाच्या शृंगाराच्या वेळी तिच्या खालच्या ओठाचा रंग थोड्याशा मेणाने उजळलेला दाखवला आहे. व्रतस्थाने सोडायची आणि विवाहात पुन्हा धरायची गोष्ट, असे ओठांच्या रंगाचे स्थान त्यावरून ठरते.

अलक्तक राजवाड्यातला आणि काव्यातला राहिला. सामान्य माणसाचे ओठ शतकानुशतके रंगवले ते विड्याने. विड्याच्या पानात स्वतःचा लाल रंग नाही, चुन्यात तर नाहीच. सुपारी आणि कात यांतली टॅनिनवर्गीय द्रव्ये चुन्याच्या क्षारात हवेशी संयोग पावली की लाल रंग तोंडातच तयार होतो. म्हणूनच विड्याचा रंग प्रमाणावर अवलंबून असतो, आणि हे प्रमाण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत नेमके नोंदवले आहे: चुना बेताचा असेल तर रंग येतो, सुपारी जास्त झाली तर रंग मारला जातो, चुना जास्त झाला तर तोंडाला दुर्गंधी येते आणि पाने अधिक असली तर सुवास येतो. ज्योतिषी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथकाराने चुन्याच्या बोटाची इतकी दखल घ्यावी, यावरून विड्याचा रंग त्या काळी किती गंभीरपणे घेतला जाई याची कल्पना येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि सोमेश्वराच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग मोडत होता. धर्मशास्त्राने संन्यासी, ब्रह्मचारी आणि विधवा यांना तांबूल वर्ज्य ठरवल्यामुळे रंगलेले ओठ हे गृहस्थाश्रमाचे आणि सौभाग्याचे उघड चिन्ह झाले. ज्याचा विडा अधिक रंगतो त्याच्यावर जोडीदाराचा जीव अधिक, ही घरोघरची समजूत त्याच मुळाची. चुना कोणी किती लावला याचा तीत विचार केलेला नसतो.

महाराष्ट्राने या रंगात घातलेली भर कातात आहे. कात हा खैराच्या लाकडाच्या गाभ्याचा अर्क होय: गाभ्याचे तुकडे करून ते पाण्यात दीर्घकाळ उकळायचे, पाणी गाळून आटवायचे आणि दाट झालेला अर्क थंड करून त्याच्या वड्या पाडायच्या. कोकणात हे काम कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला, इतके की त्यांची ओळखच या धंद्यावरून पडली. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाल्यावर खैर तोडण्याची मोकळीक गेली, भट्ट्या विझल्या आणि हा समाज कोळसा पाडण्याकडे, शेतमजुरीकडे आणि वीटभट्ट्यांकडे ढकलला गेला; कात पाडण्याचा धंदा पुढे कारखान्यांत गेला आणि चिपळूण तालुक्यातला सावर्ड्याचा परिसर आज त्यासाठी ओळखला जातो. विड्याच्या रंगाबद्दल कौतुकाने लिहिणाऱ्यांनी या हातांची आठवण क्वचितच ठेवली आहे.

लाल ओठांच्या जोडीला काळे दात, ही एकोणिसाव्या शतकापर्यंत मराठी सुवासिनीच्या शृंगाराची आवडती संगती होती. त्यासाठी वापरले जाणारे दातवण, ज्याला उत्तरेत मिस्सी म्हणतात, ते हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि हिरड्यासारखी तुरट फळे यांच्या मिश्रणाने काळे होत असे. जुन्या प्रकारची लोहयुक्त काळी शाई ज्या रासायनिक क्रियेने बनते तीच ही क्रिया. दातवणाची चाल पुढे साफ गेली, ओठांच्या रंगाची मात्र गेली नाही.

भारताबाहेर, नुसत्या मुरणाऱ्या रंगावर सर्वाधिक भर देणारी परंपरा जपानची. तेथे बेनी या नावाचा ओठरंग करडईच्या फुलांपासून काढला जातो. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तेलबी म्हणून परिचित असलेल्या याच करडईच्या पाकळ्यांत पिवळा आणि लाल असे दोन रंग असतात. पिवळा नुसत्या पाण्याने निघून जातो आणि लाल त्यानंतर क्षाराच्या पाण्यात सोडवून आंबट द्रव्याने खाली बसवावा लागतो. आपल्याकडचा कुसुंबी रंगही करडईचाच, पण तो मुख्यतः वस्त्रांसाठी राहिला. जपानी कारागीर हा लाल साका चिनी मातीच्या वाटीच्या आतल्या अंगाला सारवून वाळवतात. वाळल्यावर तो लाल न दिसता भुंग्याच्या पाठीसारखा हिरवा चमकतो आणि ओल्या कुंचल्याचा स्पर्श होताच पुन्हा लाल होतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, खालच्या ओठावर बेनीचे थर चढवून त्याला हिरवी झाक आणण्याची टूम निघाली होती. मोगामी नदीच्या खोऱ्यातल्या फुलांचा हा रंग अतिशय महाग असल्यामुळे ज्यांना थरावर थर परवडत नसत त्या स्त्रिया खाली काजळी लावून वरून पातळ बेनी फिरवत असत.

युरोपात याच्या अगदी उलट वाट धरली गेली. मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून तुरटीच्या साहाय्याने बनवलेली कारमाइन ही न विरघळणारी लाल पूड मेणात आणि चरबीत खलून तिचे मलम केले जाई. पॅरिसच्या गेर्लां या सुगंधी द्रव्यांच्या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची कांडी विकायला काढली. कांडी वापरायला सोयीची होती, पण पेल्याला, रुमालाला आणि दुसऱ्याच्या गालाला ती जितकी लागे तितकी स्वतःच्या ओठाला राहत नसे. या दोषावरचा उपाय डांबरापासून बनणाऱ्या कृत्रिम रंगांच्या कारखान्यांतून आला. १८७१ मध्ये आडोल्फ फोन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुओरेसिन तयार केले आणि थोड्याच वर्षांत हाइनरिश कारो याने त्याचा ब्रोमीनशी संयोग घडवून इओसिन हा झगझगीत लाल रंग काढला. इओसिनचे आम्लरूप कांडीत फिकट नारिंगी दिसते, परंतु ओठांवर येताच त्वचेशी संयोग पावून गुलाबी-लाल होते आणि मेण पुसले गेले तरी मागे डाग ठेवते. अमेरिकेत टँजी या नावाची नारिंगी कांडी ओठांवर गुलाबी होते म्हणून खपली ती याच गुणामुळे. फ्रान्समध्ये पॉल बोदक्रू या रसायनतज्ज्ञाने १९२७ मध्ये चुंबनानेही न पुसणारी म्हणून रूज बेझे ही लिपस्टिक आणली. तिचा रंग इतका पक्का होता की तो उतरवणे हीच वापरणाऱ्यांची तक्रार झाली. इओसिन मेणात जवळजवळ विरघळत नाही, एरंडेलात थोडेफार विरघळते, म्हणून विसाव्या शतकातल्या लिपस्टिकमध्ये एरंडेलाचा अंश मोठा असे. जो रंग त्वचेला इतका घट्ट धरतो तो तिला डिवचतोही. इओसिनमुळे ओठ सोलवटणे आणि उन्हात चुरचुरणे हे विकार त्वचारोगतज्ज्ञांच्या नोंदींत त्या काळापासून आढळतात.

टिकाऊपणाला बाजारात प्रतिष्ठा मिळवून दिली ती हेझल बिशप या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने. १९०६ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेल्या बिशपने न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातून १९२९ मध्ये पदवी घेतली, कोलंबिया विद्यापीठातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काम केले आणि महायुद्धाच्या काळात तेल कंपनीत विमानाच्या इंधनावर संशोधन केले. दिवसा इंधन आणि रात्री स्वतःच्या स्वयंपाकघरात लिपस्टिक, असे तिचे प्रयोग शेकड्यांनी चालले. मेणात लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन मिसळून मुरणारा रंग भरपूर घालायचा आणि तरीही ओठ कोरडे पडू द्यायचे नाहीत, हा तिच्या सूत्राचा गाभा होता. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या लॉर्ड अँड टेलर या दुकानात तिची लिपस्टिक विक्रीला आली आणि पहिल्याच दिवशी साठा संपला. रंग ‘त्याच्यावर’ न लागता ‘तुमच्यावर’ राहतो, या अर्थाची तिची जाहिरात घरोघर पोचली. दूरदर्शनवरच्या लोकप्रिय कार्यक्रमाचे प्रायोजकत्व मिळाल्यावर १९५० मधली सुमारे ५० हजार डॉलरची विक्री १९५३ मध्ये १ कोटी डॉलरपर्यंत गेली. या यशाचा वाटा मात्र बिशपला फार काळ लाभला नाही. जाहिरात सांभाळणारा रेमंड स्पेक्टर याच्या हाती कंपनीचे बहुसंख्य भाग होते. दोघांत वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये तडजोड होऊन बिशप बाहेर पडली. स्वतःचे नाव असलेल्या लिपस्टिकवर तिचा हक्क उरला नाही.

भारतात लिपस्टिकचे देशी उत्पादन रुजवले ते टाटा ऑइल मिल्सने १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या लॅक्मे कंपनीने, फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने. १९६१ पासून सिमोन टाटा यांनी तिचा कारभार हाती घेऊन ती घराघरांत पोचवली. मराठी मध्यमवर्गाने लिपस्टिकला दीर्घकाळ नटवेपणाच्या किंवा साहेबीपणाच्या खात्यात टाकले, परंतु त्याच घरांत जेवणानंतर विडा खाऊन रंगलेले ओठ कोणाला खटकत नव्हते. आक्षेप रंगाला नव्हता, तो बाहेरून आलेल्या कांडीला होता. विड्याचा खरा धोका मात्र निराळ्याच दिशेने पुढे आला, कारण २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खुद्द सुपारीलाच कर्ककारक ठरवले. लाखेच्या रंगाची गत त्याहून आधीच झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीने तो इंग्लंडात लोकर लाल रंगवण्यासाठी नेला, पण कृत्रिम रंग आल्यावर त्याला गिऱ्हाईक उरले नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या आणि रोगण यांसाठी राळेला मागणी होती, तेव्हा लाख धुताना निघणारे लाल पाणी टाकाऊ म्हणून सोडून दिले जाऊ लागले. एके काळी राळ ही ज्या रंगाची उरलीसुरली बाब होती, तो रंगच आता राळेचा चोथा ठरला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस टिकाऊपणाची तिसरी युक्ती निघाली. उडून जाणाऱ्या तेलात सिलिकॉनची राळ आणि रंगाची पूड मिसळून लावायची. तेल मिनिटभरात हवेत जाते आणि ओठांवर न चिकटणारा, न पुसणारा पातळ पापुद्रा राहतो. १९९४ च्या सुमारास रेव्हलॉनच्या कलरस्टेने हा प्रकार लोकप्रिय केला. पापुद्रा टिके, पण ओठ आवळले गेल्यासारखे वाटत, म्हणून २००० मध्ये मॅक्स फॅक्टरने लिपफिनिटी दोन भागांत विकायला आणली: आधी रंग लावून तो वाळू द्यायचा आणि मग वरून मेणाची तुकतुकीत कांडी फिरवायची. यशोधराच्या टीकेत हाच क्रम आहे. फरक एवढाच की तेथे मधे विडा खायचा असतो. पाण्यासारखा पातळ, मुरणारा टिंट हा प्रकार त्याआधीच आला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेन आणि जीन फोर्ड या जुळ्या बहिणींनी १९७७ मध्ये एका नर्तकीच्या मागणीवरून गुलाबी द्राव तयार केला, आणि तोही ओठांसाठी नव्हता. ओठांना आणि गालांना तो लावण्याची चाल मागाहून पडली. पुढे कोरियन कंपन्यांनी या प्रकाराला स्वस्त आणि घरगुती केले. वापरणाऱ्यांची त्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी की रंग डागडागांनी बसतो. त्याचे कारण बहुधा आधी लावलेल्या लिप बामच्या मेणात किंवा न सोललेल्या पापुद्र्यांत असते, कारण कोरड्या पापुद्र्यात रंग अधिक शोषला जातो आणि मेणाखाली तो पोचतच नाही. सिलिकॉनचा पापुद्रा साबणाने निघत नाही, त्याला तेलच लागते. म्हणून दिवसभर न उतरणारा रंग विकणाऱ्या कंपन्या तो उतरवण्याचे तेलही त्याच फळीवर, वेगळ्या किमतीला, मांडून ठेवतात.